तिसऱ्या रेप्लिकेशनमधली गाय

मे महिना लागला की रायपुरात दोन गोष्टी वितळायला लागतात. एक जयस्तंभ चौकातलं डांबर आणि दुसरी, थीसिस जमा करायची तारीख जवळ आलेली मुलं. डांबराचं महानगरपालिका बघते. मुलं आमच्याकडे येतात. मी संख्याशास्त्राचा निवृत्त मास्तर. तात्यापाऱ्यात जुन्या घरात राहतो. कूलरमध्ये पाणी भरणं आणि लोकांच्या प्रबंधांतले तक्ते तपासणं ही माझी उन्हाळ्यातली दोन कामं. पहिल्याचा उपयोग तरी दिसतो.

या शहरात प्रबंधांना तोटा नाही. रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ पासूनचं, इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ १९८७ पासूनचं, शिवाय एनआयटी, एम्स, आयआयएम. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी काही ना काही मोजत असतं. मोजण्याबद्दल माझी तक्रार नाही. मोजून झाल्यावर 'आता याचं काय करायचं' हा प्रश्न ज्या क्षणी पडतो, त्या क्षणी यांना संख्याशास्त्रज्ञ आठवतो. दातांच्या डॉक्टरकडे जावं तशी माणसं आमच्याकडे येतात: दुखणं असह्य झाल्यावर, आणि आधीची सगळी हयगय लपवत. प्रयोग संपल्यावर आम्हाला बोलावलंत तर आम्ही फार तर मरणाचं कारण सांगू, अशा अर्थाचं काहीतरी आर. ए. फिशर यांनी १९३८ साली कलकत्त्यात भर सभेत ऐकवलं होतं. रायपुरात अजून प्रेतंच येतात. फरक इतकाच, की हल्ली ती नटवून आणतात.

नटवणारा कोण ते सांगायला नको. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी बाहेर आलं तेव्हा ते फक्त बोलायचं. पुढच्या जुलैपासून त्याला एक्सेलची फाईल द्यायची सोय झाली आणि ते स्वतः प्रोग्रॅम लिहून, चालवून, तक्ते आणि आलेख काढून द्यायला लागलं. त्याच्यामागून त्याची भावंडं आली. आता घरटी एक एआय मदतनीस आहे. काही घरांत माणशी एक आहे.

याचा पहिला फटका झेरॉक्सच्या दुकानांना बसला. विद्यापीठाच्या रस्त्यावर 'थीसिस टाइपिंग, बाइंडिंग एवं डाटा एनालिसिस' अशा पाट्या असायच्या. आत एक पोरगा. एका हातात स्पायरल बाइंडिंगचं यंत्र, दुसऱ्या हातात माउस. तो एसपीएसएस चालवायचा (ते कुठल्या वाटेनं आलं हे कोणी विचारत नसे), हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ऑपस्टॅट चालवायचा, गोव्याच्या आयसीएआरच्या संस्थेनं केलेलं वॅस्प चालवायचा, आणि अलीकडे केरळच्या कृषी विद्यापीठाचं ग्रेप्ससुद्धा. शेतीचा प्रयोग असेल तर 'सीडी कितने परसेंट पे चाहिए?' एवढाच त्याचा प्रश्न (सीडी म्हणजे दोन ट्रीटमेंटमधला फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर). पाच टक्के म्हटलं की चहा येईपर्यंत तक्ता हातात. त्या पोराला संख्याशास्त्र येत नव्हतं, पण एक गोष्ट येत होती. आकडे विचित्र दिसले की तो म्हणायचा, 'भैया, इसमें कुछ गड़बड़ है, सर को दिखा लो.' म्हणून ती मुलं माझ्याकडे यायची. मदतनीस असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'वा! फारच सुंदर डेटासेट आहे.'

मी उभ्या नोकरीत कुणाच्या डेटाला सुंदर म्हटलेलं नाही. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा मी हा शब्द जपूनच वापरला होता. आमच्या धंद्याची रीतच तशी. समोरच्यानं कागद पुढे केला की कपाळाला आठी घालायची, चष्मा वर करायचा आणि विचारायचं, 'हे कुठून आणलंत?' निम्मं संख्याशास्त्र या एका वाक्यात आहे. उरलेलं निम्मं कॉम्प्युटर करतो, आणि माझ्याहून चांगलं करतो.

गाईची गोष्ट सांगतो.

परवा कृषी शाखेची एक एमएस्सीची मुलगी आली. धानाचा प्रयोग, वाण महामाया, सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, म्हणजे एकवीस प्लॉट. आरबीडी, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन. या धाटणीचे इतके प्रबंध मी पाहिलेत की निकालाचं प्रकरण न वाचता सांगू शकतो. मुलगी हुशार होती, प्रकरण पूर्ण लिहून आणलेलं. इंग्रजी असं की मला माझीच लाज वाटावी. पानापानावर रंगीत आलेख. 'सर, बस एक बार देख लीजिए, परसों जमा करना है.'

मी तक्ता पाहिला. काहीही न घातलेल्या प्लॉटचं उत्पादन हेक्टरी ३३ क्विंटल. बाकीच्या ट्रीटमेंट ३८ ते ४५ च्या दरम्यान. आणि पाचवी, गांडूळखत अधिक निम्मं रासायनिक खत, ती ३१.९. सगळ्यांत कमी. खत घालून न घातल्यापेक्षा कमी! शिवाय एकही फरक सिग्निफिकंट नाही. शेतीच्या प्रबंधांच्या भाषेत सगळे एकमेकांशी 'ॲट पार'. निसर्गात एवढी समानता असती तर निवडणुका लागल्या नसत्या.

हे कसं झालं, याचं उत्तर मदतनिसानं दिलं होतं. थोडंथोडकं नाही, तीन परिच्छेद. गांडूळखतामुळे सुरुवातीच्या काळात जमिनीतला नत्र सूक्ष्मजीवांकडे अडकून पडला असावा, त्यामुळे फुटवे कमी आले असावेत, मध्य भारताच्या भाताच्या जमिनींत असं होणं शास्त्राला धरून आहे, वगैरे. खाली चार संदर्भ. लेखकांची आडनावं ओळखीची, नियतकालिकं खरी, वर्षं पटण्याजोगी. त्यातले दोन लेख या भूतलावर कोणी लिहिलेलेच नाहीत. पण वाचताना मलाही वाटलं, असेल बुवा, आपल्याला शेतीतलं काय कळतं.

मग खालच्या ओळीकडे नजर गेली. सीव्ही, म्हणजे सरासरीच्या मानानं आकड्यांतला चढउतार, २७ टक्के. शेतावरच्या प्रयोगात सीव्ही वीसच्या वर गेला की खुर्चीत सरळ बसायचं असतं. मी बसलो. 'कच्चे आकडे दाखव.'

पाचव्या ट्रीटमेंटचे तीन आकडे होते: ४८.२, ४७.६ आणि ०.

'हे शून्य कुठून आलं?'

मुलगी एकदम हिंदी सोडून छत्तीसगढीत आली. माणूस खरं बोलायला लागला की घरची भाषा येते. 'गाय ह चर दिस, सर.'

म्हणजे झालं होतं असं. पिकल्या धानाच्या वासानं रात्री एक मोकाट गाय कुंपण ओलांडून आत आली. छत्तीसगडात पेरणीनंतर गुरं आवरून ठेवायची 'रोका-छेका' नावाची जुनी गावरीत आहे; २०२० साली सरकारनं तिची मोहीमसुद्धा केली. पण त्या गाईपर्यंत परिपत्रक पोचलं नसावं. तिनं एकवीस प्लॉट पाहिले आणि त्यातला नेमका गांडूळखताचा निवडला. का? कारण सगळ्यांत उत्तम पीक तिथे होतं. संपूर्ण प्रयोगाचा बिनचूक निष्कर्ष त्या गाईनं एका रात्रीत, सॉफ्टवेअरशिवाय काढला होता. मुलीनं सकाळी वहीत पेन्सिलीनं 'गाय' असं लिहिलं. एक्सेलमध्ये भरताना 'गाय' लिहिता येईना, म्हणून ० टाकलं. मदतनिसाला शून्य दिसलं. शून्य हा आकडा आहे, त्याचा मान राखून त्यानं हिशेब केला. हिशेबात तसूभर चूक नव्हती. मग त्या शून्याला शोभेल असं विज्ञानही त्यानं तयार करून दिलं.

शेतातला एखादा प्लॉट असा गेला तर काय करायचं, याचं उत्तर फ्रँक येट्स यांनी १९३३ सालीच देऊन ठेवलंय. नाहीशा झालेल्या आकड्याचा बाकीच्या आकड्यांवरून अंदाज बांधायचा आणि एररच्या डिग्रीज ऑफ फ्रीडममधून एक वजा करायचा. आम्ही मदतनिसालाच सांगितलं: बाबा, तिथे शून्य नाही, तो प्लॉट गेलेला आहे. क्षणात त्यानं सगळं पुन्हा केलं. गांडूळखत पहिल्या क्रमांकावर गेलं, सीव्ही शहाण्यासारखा खाली आला आणि तीन नवे परिच्छेद आले, गांडूळखतामुळे उत्पादन का वाढतं यावर. भाषा तितकीच खात्रीची. आधीच्या परिच्छेदांबद्दल चकार शब्द नाही. त्या निर्लेपपणाला तोड नाही. आमच्या विद्यापीठांत इतक्या सहजपणे बाजू बदलायला लोकांना निदान कुलगुरू बदलावा लागतो.

ती मुलगी जाताना पाया पडली. मी म्हटलं, 'गाईच्या पड.'

आता कोणी म्हणेल, म्हातारा कुरकुरतोय. तसं नाही. मदतनीस काम करतो आणि जे करतो ते मी पाहिलेलं आहे. मेडिकलच्या एका रेसिडेंटनं आणलेल्या फाईलमध्ये वयाच्या रकान्यात ४५, '४५ वर्ष', '४५ वाय', 'पैंतालीस' आणि एका ठिकाणी 'मेडियम' असं होतं. तारखा निम्म्या भारतीय, निम्म्या अमेरिकन. एक्सेलनं आपल्या मर्जीनं '१-२' गोळ्यांचा १ फेब्रुवारी केला होता. या एक्सेलमुळे शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जनुकांची नावं बदलून घेतली, कारण 'मार्च-१' नावाच्या जनुकाला ते तारीख समजायचं. तिथे गोळ्यांची काय कथा. ही असली फाईल साफ करायला पूर्वी मला दोन रात्री लागल्या असत्या. मदतनिसानं ती चहा गाळेपर्यंत केली, वर 'मेडियम' हे वय मला समजलं नाही, असंही नम्रपणे सांगितलं. मलाही समजलं नव्हतं.

आणखी एक आहे, ते कबूल करायला हवं. आर नावाची आज्ञावली आहे, न्यूझीलंडमध्ये दोन प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात बांधलेली, फुकट, आणि स्वभावानं माझ्यासारखीच. एक स्वल्पविराम चुकला की लाल अक्षरांत खेकसते. तिला घाबरून कितीतरी मुलं संख्याशास्त्र सोडून गेली. आता मदतनीस मध्ये बसून ते लाल अक्षर समजावून सांगतो, रात्री दोन वाजता, न चिडता, तिसऱ्यांदा विचारलं तरी. जी मुलगी गाईडसमोर 'सर, पी-व्हॅल्यू म्हणजे काय' असं विचारायला मरेस्तोवर धजली नसती, ती त्याला विचारते. गाईडलाही ते विचारायचं होतं, तोही विचारतो. फक्त दार लावून.

अडचण त्याच्या स्वभावाची आहे. तो कुणाला नाही म्हणत नाही.

आमच्या घरात दुबराज तांदळाचं प्रस्थ आहे. नगरीचा दुबराज, धमतरी जिल्ह्यातला, २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सौ.चं म्हणणं, नुसत्या वासावरून ती खरा दुबराज ओळखते आणि गोलबाजारातला आमचा वाणी गेली काही वर्षं तिला फसवतोय. मी म्हटलं, सिद्ध कर. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात एक बाई म्हणाल्या होत्या, चहात आधी दूध घातलंय की नंतर ते मी चवीवरून सांगते. फिशरनी त्यांच्यापुढे आठ कप ठेवले, चार असे, चार तसे, आणि त्यातून आमच्या शास्त्राचा एक अख्खा अध्याय निघाला. मी आठ वाट्यांत भात वाढला. चार खऱ्या दुबराजच्या, चार दुसऱ्या. सौ.नं डोळ्यांना पदर बांधला आणि चार वाट्या दुबराज म्हणून वेगळ्या काढल्या. चारांपैकी तीन बरोबर निघाल्या.

स्वयंपाकघरात हा विजय मानला गेला. पण निव्वळ नशिबानं तीन किंवा त्याहून जास्त वाट्या बरोबर येण्याची शक्यता सत्तरात सतरा, म्हणजे चोवीस टक्क्यांच्या वर. चारही बरोबर आल्या असत्या तर सत्तरात एक. मग मीच वाण्याकडे भांडायला गेलो असतो. मी मदतनिसाला विचारलं. त्यानं अचूक उत्तर दिलं, फिशरच्या चाचणीचं नाव घेऊन सांगितलं की पुरावा अपुरा आहे. मला त्याच्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

सौ.नं फोन काढून घेतला आणि बोलून लिहायला लावलं: 'त्या दिवशी मला सर्दी होती, आणि दोन वाट्या निवून गेल्या होत्या.'

'ही महत्त्वाची माहिती दिल्याबद्दल धन्यवाद!' मदतनीस म्हणाला. थंड भाताचा सुवास कमी होतो हे त्यानं चार ओळींत समजावलं आणि त्या दोन वाट्या वगळणं समर्थनीय ठरू शकतं, असं मत दिलं. निवलेल्या वाट्या कुठल्या? अर्थातच ज्या दोन चुकल्या त्या. त्या काढल्यावर उरल्या सहा, तीन अशा, तीन तशा, आणि सहाच्या सहा बरोबर. निव्वळ नशिबानं असं होण्याची शक्यता विसात एक. म्हणजे बरोब्बर ०.०५! साऱ्या जगाचे प्रबंध ज्या उंबरठ्यावर नाक घासतात त्या उंबरठ्यावर आमचा भात येऊन उभा राहिला.

मी फोन घेतला आणि लिहिलं, वगळायच्या वाट्या निकाल लागण्याआधी ठरवायच्या असतात. 'तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, क्षमस्व,' म्हणत त्यानं वाट्या परत आत घेतल्या. सौ.नं लिहिलं, सर्दीचं मी आधीच यांना सांगितलं होतं, पण हे ऐकतात कुठे. 'तुमची भावना मी समजू शकतो,' वाट्या बाहेर. संध्याकाळभर त्या वाट्या अशा आत-बाहेर करत राहिल्या. शेवटी जो बोलेल त्याचं खरं. आमच्या घरात अशी मान डोलावण्याचं काम आजवर मी करत आलो होतो.

दुसऱ्या एका मदतनिसाला विचारलं. त्यानं ठामपणे सांगितलं की वाट्या वगळू नयेत, हवं तर प्रयोग पुन्हा करावा, या वेळी सोळा वाट्या घ्याव्यात. सौ.नं ते ॲप काढून टाकलं.

हसण्यावारी नेऊ नका. आमच्या वाट्यांच्या जागी रुग्ण ठेवा. 'सर, पॉइंट झिरो सेवन आ रहा है, गाईड बोले पॉइंट झिरो फाइव के नीचे लाओ,' असं मला लोक अनेक वर्षं म्हणत आले आहेत. मी त्यांना दारातूनच परत पाठवायचो. लोकांना वाटायचं मास्तर खडूस. आता तेच वाक्य मदतनिसाला टाकलं तर तो आधी एका ओळीत सांगतो की असं करणं योग्य नाही, आणि पुढच्या पानभर सहा उपाय देतो. लॉगॅरिदम घेऊन पाहा, टोकाचे आकडे काढून पाहा, एकतर्फी चाचणी लावून पाहा. प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या प्रसंगी खरोखर बरोबर असतो. म्हणून तर भीती.

मराठी मंडळी दुखावायला नकोत, पण एका मराठी संस्थेतलाही किस्सा सांगून टाकतो. संस्थेच्या नाटकांना तरुण येत नाहीत, याची पाहणी करायचं ठरलं. गूगल फॉर्म तयार केला आणि कुठे टाकला, तर संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे रोज सकाळी सुविचार टाकणारे आजोबा असतात. तिशीच्या आतली उत्तरं दोन आली. त्यातलं एक सेक्रेटरींच्या मुलाचं, आणि ते भरताना फोन सेक्रेटरींच्या हातात होता. मदतनिसानं अहवाल केला. 'तरुण गटात समाधानाचं प्रमाण १०० टक्के.' शेजारी गोल आलेख, पूर्ण हिरवा. नमुना लहान असल्याची टीप होती, तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. ती सभेत कोणी वाचली नाही. टाळ्या पडल्या. तरुण संस्थेवर शंभर टक्के खूश आहेत, फक्त येत नाहीत.

असं काही ऐकलं की मला पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. साताऱ्याकडच्या बुधचा माणूस, जन्म १९११. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि पिअर्सन यांच्याकडे शिकला, परत येऊन या देशातलं पीक मोजायला लागला. भारतात पीक किती आलं हे कळण्यासाठी सगळी शेतं कापून मोजता येत नाहीत. चिठ्ठी टाकून शेतं निवडायची, त्यात एक छोटा तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं, झोडपायचं, वजन करायचं. तुकडा केवढा असावा यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला आणि तो दोन्हीकडून नेटानं लढवला गेला. महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता. सुखात्मे म्हणाले, तुकडा लहान घेतला की उत्पादन फुगतं. १९४६ साली त्यांनी हे छापूनही टाकलं.

का फुगतं? यात गणित थोडं आणि माणूस फार. दोरी आखली की काही रोपं बरोबर दोरीवर येतात. आत धरायची की बाहेर? विळा घेऊन वाकलेला माणूस भरलेली लोंबी बाहेर टाकायला राजी नसतो. त्याचा हात ती आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानानं कड मोठी, तितकी ही ओढलेली रोपं जास्त. हे खोलीत बसून सुचत नाही. त्यासाठी शेतात उभं राहून माणसाच्या हाताकडे बघावं लागतं. पुढे सुखात्मे रोमला जगाच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं खातं बघायला गेले, पद्मभूषण झाले. पण माझ्या लेखी त्यांची थोरवी त्या दोरीवरच्या रोपात आहे.

छत्तीसगडात आजही पीक कापणी प्रयोग होतात, धानाला साधारण पाच बाय पाच मीटरचा तुकडा. पटवारी, म्हणजे आपला तलाठी, दोरी धरतो. त्यावर विम्याचे पैसे ठरतात. सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत ३१०० रुपये भावानं धान घेतं. २०२४-२५ च्या हंगामात १४९ लाख टनांच्या वर घेतलं. एवढा पैसा आकड्यांवर उभा असताना दोरीवरचं रोप आत गेलं की बाहेर, हा काही पुस्तकी प्रश्न राहत नाही. मदतनिसाकडे फाईल पोचते तोवर रोप आत गेलेलं असतं. दोरी कुणी धरली होती हे त्याला फाईलमध्ये कुठे दिसणार?

आणि फाईल जाते कुठे, हेही कोणी विचारत नाही. रायपूरच्या कृषी विद्यापीठात धानाच्या वीस हजारांहून अधिक नमुन्यांचा खजिना आहे. डॉ. रिछारिया यांनी गावोगाव फिरून, शेतकऱ्यांकडून मूठमूठ घेऊन त्याचा पाया घातला. २००२ साली सिंजेंटा या परदेशी कंपनीशी विद्यापीठाचं सहकार्य ठरू घातलं होतं. आमचं बी बाहेर जाणार म्हणून शहर पेटलं, मोर्चे निघाले, शेवटी कंपनीनं माघार घेतली. बरं झालं. आज त्याच धानाच्या प्रयोगांचे आकडे, वाणांच्या नावांसकट, पोरं मदतनिसाच्या फुकटच्या आवृत्तीत ओततात आणि कुणाचं पान हलत नाही. 'मेडियम' वयाच्या त्या रेसिडेंटच्या फाईलमध्ये रुग्णांची नावं आणि मोबाइल नंबर जसेच्या तसे होते. मी म्हटलं, अरे, निदान नावं तरी काढ. तो म्हणाला, 'सर, उसी से निकलवा लूँगा.'

२०२५ मध्ये नवा रायपुरात एआयसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. आमच्या चौकातल्या पानवाल्याची समजूत आहे की आता आपले आकडे रायपुरातच राहतील. राहोत. यंत्रं तिथे थंड हवेत बसतील, आणि मे महिन्यात तरी मला त्यांचा हेवा वाटेल.

मदतनीस वापरू नका असं मी कुणाला सांगत नाही. मी स्वतः वापरतो. त्याला आर लिहू द्या, तक्ते काढू द्या, इंग्रजी सुधारू द्या. संदर्भ तेवढे स्वतः उघडून बघा, आणि पी-व्हॅल्यू 'खाली आण' असं त्याला म्हणू नका, तो ऐकेल. त्यानंही समाधान झालं नाही तर माझ्याकडे या. संध्याकाळी पाचनंतर, कूलरचं पाणी भरून झाल्यावर, मी घरीच असतो. फी नाही. रंगीत प्रिंटआउट आणू नका. शेतात, वॉर्डात किंवा घरोघरी फिरताना पेन्सिलीनं खरडलेली कच्ची वही असेल ती आणा, चहाचे डाग पडलेली असली तरी चालेल. वही नसेल तर येऊ नका.